जमिनीपासून चार बोटं

मातीकडे निघालेल्या माणसाने मातीपासून फार उंच राहू नये, त्याचा शेवटचा प्रवास जमिनीच्या शक्य तितका जवळून व्हावा, अशी आमच्या खोऱ्यात फार जुनी श्रद्धा आहे. ही श्रद्धा एकोणीसशे ऐंशीच्या उन्हाळ्यात क्रूस माएस्तासच्या अंगणात, बीअरचं दुसरं खोकं फुटल्यावर सुरू झाली. मी तिथे होतो. तेव्हापासून आमच्यातला कोणी हौशी ट्रकवाला गेला की त्याची पेटी मयताच्या काळ्या गाडीतून न नेता स्प्रिंगा कापून जमिनीलगत आणलेल्या एखाद्या जुन्या पिकअप ट्रकच्या हौद्यातून नेतात, ताशी दहा मैलांनी. मागच्या गाड्यांत बायका रोझरी म्हणतात आणि पुढे मोटारसायकलवरचा पोलीस कंटाळतो.

मार्चमधल्या त्या सकाळी क्रूसचा स्वतःचा ट्रक त्याच्या धाकट्या भावाच्या, बेलोच्या, गॅरेजात लोखंडी घोड्यांवर चढवलेला होता. गॅरेज म्हणजे पूर्वीची गवताची कोठी. गवत गेलं, उंदीर राहिले. बेलोने पुढचं डावं चाक हाताने फिरवलं. चाक पाऊण फेरा गेलं आणि आतून खर्र आवाज आला.

"घासतंय," क्रूस म्हणाला.

तो दारातल्या उन्हाच्या पट्ट्यात घडीच्या खुर्चीवर बसला होता. अंगावर घोंगडं, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात कॉफीचा पेला. कॉफी तो पीत नव्हता, नुसती धरत होता. बेलोने चाक पुन्हा फिरवलं. खर्र.

"एकतीस वर्षं तुला सरकारने पगार दिला तो कशाचा रे?" क्रूसने विचारलं.

बेलो वाकून चाकाच्या आत बघू लागला. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर साधारण दोन दिवसांनी येतं, आणि तोवर विचारणाऱ्याला प्रश्न आठवत नसतो.

बेलार्मिनो माएस्तासबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही, आणि ते त्याच्या धंद्याला धरूनच आहे. एस्पान्योला गावच्या शाळाखात्याच्या बसडेपोत तो ब्रेकचा मेकॅनिक होता. ब्रेकच्या मेकॅनिकने काम चोख केलं तर काहीही घडत नाही. बेलोने एकतीस वर्षं काहीही घडू दिलं नाही. एकदा जानेवारीत, बर्फ पडलेलं असताना, ट्रुचासच्या उतारावर चाळीस पोरांची बस कड्याच्या आठ फूट अलीकडे थांबली. पोरांना कळलंसुद्धा नाही. ती खिडकीतून एकमेकांच्या टोप्या फेकत होती. ड्रायव्हरने देवमातेला मेणबत्ती बोलली आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकली. बेलोने ब्रेक उघडून पाहिले, ठीक होते, परत बंद केले. त्याच्या निरोप समारंभात साहेबांनी भाषणात त्याचा उल्लेख "आपले रंगारी" असा केला, कारण माएस्तासांच्या घरात कोणीतरी रंगारी आहे एवढं त्यांच्या कानावर होतं.

रंगारी क्रूस होता. खोऱ्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. कितीतरी गाड्यांच्या बॉनेटवर त्याने देवमातेचं चित्र काढलेलं आहे, आणि प्रत्येक चित्रात तिचा चेहरा त्या-त्या गाडीमालकाच्या बायकोशी थोडा जुळतो, त्यामुळे लोक पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच जात. सन पासष्टचा हा शेवरोले पिकअप त्याने तरुणपणी विकत घेतला, स्प्रिंगा कापून खाली आणला आणि त्याला पिकलेल्या जर्दाळूचा रंग दिला. अठ्ठावीस हात. आमच्याकडे जर्दाळूची झाडं दर मार्चमध्ये फुलतात आणि दर एप्रिलमध्ये गारठ्याने जळतात. पिकलेलं जर्दाळू लोकांनी पाहिलं ते बहुधा या ट्रकवरच.

मी या दोघांचा मामेभाऊ. सव्वीस वर्षं हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझ्या हातून कुठलीही वस्तू दुरुस्त होत नाही. दोघंही मला प्रीमो, म्हणजे मामेभाऊच, म्हणत. गॅरेजात माझं काम टॉर्च धरण्याचं होतं.

जानेवारीत क्रूसला डॉक्टरांनी स्वादुपिंडाचं सांगितलं आणि उन्हाळा दिसेल असं सांगितलं नाही. तो दवाखान्यातून परस्पर बेलोकडे आला. ओफेलियाने, म्हणजे बेलोच्या बायकोने, लाल मिरचीचं कालवण पुढे ठेवलं, ते त्याने बाजूला सारलं. मग हिशेब सांगावा तसं सांगितलं. मला माझ्या ट्रकातून न्यायचं. माझ्याच चाकांवर. आणि दाराखालच्या कडेपासून रस्त्यापर्यंत चार बोटं. पाच नकोत.

बेलोने यावर जेवण संपेपर्यंत विचार केला, म्हणजे त्याच्या मानाने ताबडतोब उत्तर दिलं.

"मग ब्रेक माझे."

आयुष्यात त्याने थोरल्या भावाला घातलेली ही पहिली अट होती. ती उगाच नव्हती. त्या ट्रकचे ब्रेक मुळातले, चारही चाकांना ड्रमचे, आणि चारही चाकांना तेल एकाच नळीच्या वाटेने जाणारं. नळी एके ठिकाणी फुटली की चारही गेले. चौऱ्याण्णव साली आमच्यातल्या फिलिबेर्तोला त्याच ट्रकातून नेताना, दफनभूमीच्या उतारावर ती फुटली होती. क्रूसने ट्रक सरळ पाटात घातला. पेटी हौद्यातच राहिली, पण तिच्याभोवती बसलेले खांदेकरी सहाच्या सहा पाण्यात गेले आणि फादरना एका हातात पुस्तक वर धरून पोहावं लागलं. पाणी कमरेइतकं होतं, पण फादर ओहायोकडचे, त्यांना कल्पना नव्हती. गावाला तो दिवस आनंदाने आठवतो. बेलोला तसा आठवत नाही, कारण त्या दिवशी सकाळी त्याने क्रूसला सांगितलं होतं की नळी बदल, आणि क्रूस म्हणाला होता, तू तुझ्या पिवळ्या बसा बघ.

"मेलेल्याला कशाला लागतात ब्रेक?" क्रूस आता म्हणाला.

"चालवणारा जिवंत असतो," बेलो म्हणाला.

मी बेलोला लहानपणापासून ओळखतो. त्याला काय हवं होतं ते मला त्या टेबलावर दिसलं, आणि त्याच्याशिवाय सगळ्यांना दिसलं असतं. क्रूसने एकदा बेलोच्या ब्रेकच्या भरवशावर बसून जावं, एवढं त्याला हवं होतं. बाकी काही नाही. मेल्यावर गेला तरी चालणार होतं.

तर बेलोने पुढच्या चाकांचे जुने ड्रम काढले, तिथे डिस्क बसवल्या, आणि ट्रक अजून अडीच इंच खाली यावा म्हणून वेगळ्या घडणीचे स्पिंडल, म्हणजे चाकांचे आस, बसवले. दुहेरी नळी टाकली. एक फुटली तर दुसरी आहे. काम देखणं झालं. मग त्याने क्रूसची चाकं चढवली, आणि ती डिस्कवरच्या कॅलिपरला, म्हणजे ब्रेक जिथे डिस्कला चिमटीत धरतो त्या लोखंडी जबड्याला, आतून घासायला लागली.

ती चाकं जुन्या ड्रमसाठी घडवलेली. पंधरा इंची, क्रोमची, क्रूसने लग्नाचा सूट आणि एक खोगीर विकून घेतलेली. आतला फुगवटा नेमका कॅलिपरच्या डोक्यावर येत होता. मी सुचवलं की सोळा इंची चाकं घ्यावीत. क्रूसने माझ्याकडे बघितलं आणि शाळेत मुलांना मी काय शिकवत असे, असं बेलोला विचारलं. कॅलिपरचा कोपरा घासून कमी करावा, असं क्रूसने स्वतः सुचवलं. तर बेलो म्हणाला, ब्रेकमधलं लोखंड मी कमी करत नसतो. हे तो धर्मगुरूच्या आवाजात म्हणाला. ट्रक इंचभर वर घ्यावा हा तिसरा मार्ग होता. तो कोणी उच्चारला नाही.

राहिला स्पेसर. चाक आणि हब, म्हणजे चाक ज्यावर चढतं तो तुंबा, यांच्यामध्ये एक चकती घालायची, म्हणजे चाक तेवढं बाहेर सरकतं आणि फुगवटा कॅलिपरच्या डोक्यावरून बाजूला होतो. बेलोने पाव इंचाची घातली. चाक गुळगुळीत फिरलं. मग त्याने ट्रक घोड्यांवरून उतरवला, स्टिअरिंग वळवलं आणि टायर मडगार्डच्या काठाला लागला. आतून सोडवलं की बाहेर लागत होतं. काठ आत दुमडला असता तर प्रश्न मिटत होता, पण त्या काठावर क्रूसने एकाच केसाच्या ब्रशने काढलेली पांढरी रेघ होती, मडगार्डभर, न तुटता, एका श्वासात काढलेली असं तो सांगत असे. काठाला हात लावायचा नाही, असं क्रूसने सांगितलं.

मार्च असा गेला. रोज टायर कुठेतरी लागायचा आणि क्रूस खुर्चीतून कुठे ते सांगायचा.

यात वजनाचाही घोळ होता. हौद्यात पेटी आली की ट्रक दबणार, म्हणजे चार बोटं मोजायची ती पेटीसकट. म्हणून बेलोने हौद्यात रेतीच्या गोण्या टाकल्या, पन्नास पौंडांची एक. फेब्रुवारीत आठ होत्या. क्रूस दिवसेंदिवस हलका होत गेला, तसा बेलो रविवारी त्याला नजरेने तोलायचा आणि सोमवारी, वाटलं तर, एक गोणी काढायचा. क्रूसच्या लक्षात येणार नाही अशी त्याची समजूत होती.

"किती राहिल्या?" क्रूसने एकदा खुर्चीतून विचारलं.

"सहा."

"गेल्या आठवड्यात सात होत्या."

"ओफेलियाला हवी होती. कुंड्यांसाठी."

क्रूसने गार झालेली कॉफी दाराबाहेर ओतली. "तिला म्हणावं, अजून दोन लागतील."

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात त्याने बेत बदलला. अंगात थोडी हुशारी आली होती; त्या दुखण्यात अशी येते. तो म्हणाला की मेल्यावर नेण्यात काय गंमत, मेल्यावर मला कुठे कळणार घासतंय का ते. ईस्टरच्या आदल्या शनिवारी मला जिवंत ने. दफनभूमीपर्यंत, उतार उतरून, फाटकाला हात लावून परत. जागाही बघून होईल.

बेलो त्या दिवशी जेवला नाही. त्याने पाव इंचाची चकती काढून अर्ध्या जाडीची करून आणली. आता टायर मडगार्डला लागत नव्हता, अगदी कागदाइतका सुटत होता. आतल्या बाजूला कॅलिपरपाशी किती फट राहिली, हा प्रश्न होता. ती जागा दिसत नाही, तिथे पट्टी जात नाही. अशा वेळी लोक मुलांची खेळायची चिकणमाती कॅलिपरवर थापतात, चाक चढवून फिरवतात, चाक काढून दबलेल्या मातीची जाडी मोजतात. जेवढी जाडी तेवढी फट. बेलोच्या घरात मूल नव्हतं. तो स्वयंपाकघरात गेला आणि ओफेलियाने टोर्टियासाठी मळलेल्या कणकेतला गोळा घेऊन आला.

तो गुड फ्रायडे होता. बेलोने कणीक थापली, चाक चढवलं, फिरवलं, चाक काढलं. जाडी मोजायचा लोखंडी व्हर्नियर हातात घेतला, आणि ओफेलिया दारात आली. ती माझ्याशी बोलायला म्हणून आली होती, पण तिला व्हर्नियर दिसला.

आमच्याकडे त्या दिवशी लोखंडाला हात लावत नाहीत. खिळा ठोकत नाहीत, कुदळ मारत नाहीत, बायका सुरीही वापरत नाहीत, भाकर हाताने तोडतात. ओफेलियाने पान्याला कुठून परवानगी दिली होती कोण जाणे. बहुधा तिला वाटलं होतं की पुरुष आत नुसते बसले आहेत. तिने बेलोच्या हातातून व्हर्नियर काढून घेतला आणि एप्रनच्या खिशात टाकला.

"आजच्या दिवशी?" ती म्हणाली. "घरात आजारी माणूस असताना?"

बेलो म्हणाला की मोजायचंच फक्त राहिलंय, ठोकायचं काही नाही. ती म्हणाली की मोजायला उद्याही येतं, कणीक काही पळून जात नाही. मग आम्ही तिघं चर्चमध्ये गेलो, क्रूस खुर्चीत झोपला, आणि कणीक दिवसभर आणि रात्रभर कॅलिपरवर राहिली.

आता आमच्या टोर्टियाच्या कणकेत बेकिंग पावडर असते. चरबी, मीठ, पाणी आणि चिमूटभर बेकिंग पावडर. सगळ्या खोऱ्यात तशीच करतात. ती कणीक दाबली की हळूहळू परत वर येते, आणि उबेत ठेवली तर फुगते. हे बेलोला माहीत होतं. साठ वर्षं तो ती खात होता. पण ब्रेकच्या अंगावर असलेली वस्तू फुगेल, ही कल्पनाच त्याला शक्य नव्हती. एकतीस वर्षांत त्याच्या हाताखाली जे आलं ते झिजणारं होतं. शनिवारी सकाळी ओफेलियाने व्हर्नियर परत दिला. त्याने कणीक तीन ठिकाणी मोजली. फट भरपूर होती. त्याने दुसऱ्यांदा मोजली, मला वाचायला लावली, आणि मी आकडा मोठ्याने वाचला, कारण तेवढं मला येतं.

क्रूसला आम्ही दहा वाजता बसवलं. त्याने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गळ्याशी बटण लावल्यावर आत अजून एक माणूस मावला असता. बसण्यापूर्वी तो दाराच्या खाली वाकला, नव्हे, आम्ही त्याला वाकवलं, आणि त्याने रस्त्यावर हात उभा ठेवून मोजलं. चार बोटं.

"हं," तो म्हणाला.

एवढंच. पण बेलोचे कान लाल झाले. बेलो चालवायला, क्रूस मध्ये, मी खिडकीशी. रस्त्यावर ईस्टरची गर्दी होती. लोक अंगणांतून हात करत होते, एका म्हातारीने क्रूस दिसला म्हणून छातीवर क्रॉस केला. तो मजेत होता. कोणाची पाटी त्याने रंगवली आणि कोणी नंतर दुसऱ्याकडून रंगवून घेतली आणि ती कशी वाईट झाली, ते तो दाखवत होता. बेलो पुढे बघत होता आणि कानाने चाकं ऐकत होता.

चर्चच्या कोपऱ्यावर उजवं वळण आहे. बेलोने वळवलं, ट्रकचं अंग डावीकडे झुकलं, आणि डाव्या चाकातून खर्र आवाज आला, मग वळणभर येत राहिला. स्टिअरिंग थरथरलं. बेलोने ब्रेक दाबला. ट्रक अलगद थांबला, गालिच्यावर थांबावा तसा. क्रूसची टोपीसुद्धा हलली नाही.

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला, मग ट्रक ओळखून हॉर्न बंद केला.

"थांबतो झकास," क्रूस म्हणाला. "जात नाही, एवढंच."

बेलोने उतरून चाकात डोकं घातलं. कॅलिपरच्या डोक्यावर चकाकणारा ओरखडा होता आणि चाकाच्या आतून क्रोमची साल निघाली होती. उताराला असं चाक घेऊन जायचं नाही, हे त्याने ठरवलं, आणि तो निर्णय बरोबर होता. कुठल्याही बसच्या बाबतीत त्याने तोच घेतला असता. क्रूस म्हणाला, चल रे, घासू दे, अर्धा मैल तर राहिलाय. बेलो म्हणाला, नाही. क्रूसने दुसऱ्यांदा म्हटलं नाही. त्याला दुसऱ्यांदा म्हणण्याची सवय नव्हती, लोक पहिल्यांदाच ऐकत असत.

उजवीकडे वळलं की घासायचं, डावीकडे नाही. म्हणून परतताना आम्ही सगळी वळणं डावीकडची घेतली. अर्धा मैल आलो होतो, घरी पोचायला अडीच मैल लागले. शेवटच्या दोन वळणांवर क्रूस माझ्या खांद्यावर झोपला होता. पिसासारखा होता, हे मी बेलोला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी ओफेलियाने टोर्टिया भाजल्या आणि बेलो तव्यावर फुगणाऱ्या टोर्टियाकडे बघत बसला. बराच वेळ. मग उठून बाहेर गेला.

सोमवारी क्रूसची मुलगी योलांदा फीनिक्सहून आली. ती तिकडे एका दवाखान्याच्या कचेरीत आहे. बापाला दोन आठवडे नेते, तिथे औषधपाणी जवळ आहे, म्हणाली. तिचं चुकलं असं नाही. क्रूसच्या घरात चूल पेटवायला कोणी नव्हतं, आणि आम्ही तिघं त्याला उचलत होतो ते कसं, ते तिने पाहिलं होतं. तिची गाडी त्या उंच गाड्यांपैकी, चढायला पायरी असलेली. क्रूसला आत बसवायला बेलो आणि मी दोघं लागलो.

"दोन आठवड्यांत तयार ठेवतो," बेलो खिडकीतून म्हणाला.

"घाई नको करू," क्रूस म्हणाला. "तुला घाई जमत नाही."

मग बेलोने काम नीट केलं. पाव इंचाची चकती परत घातली. मडगार्डचा काठ ओफेलियाच्या केस वाळवायच्या यंत्राने गरम केला, टायर आणि काठ यांच्यात बेसबॉलची बॅट अडकवली आणि मी ट्रक वीतभर पुढे, वीतभर मागे ढकलत असताना काठ तसू तसू आत वळवला. दोन दिवस. काठाला हात न लावायची आज्ञा होती, पण आज्ञा करणारा पाचशे मैलांवर होता. जे करायला हवं होतं ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं; तो समोर बसलेला असताना करता येत नव्हतं, एवढंच. रेघ एका जागी केसभर तडकली. बाकी सगळी राहिली. या वेळी बेलोने तमालेसाठीचं मक्याचं पीठ भिजवून थापलं, जे दाबलं की दबलेलंच राहतं, आणि तासाच्या आत मोजलं. बुधवारी दुपारी आम्ही ट्रक घेऊन निघालो, उजवी वळणं घेतली, डावी घेतली, दफनभूमीचा उतार उतरलो, फाटकाला मी हात लावला आणि परत आलो. कुठे काही घासलं नाही. आवाज नाही. काहीही घडलं नाही.

बेलोने घरी येऊन हात धुतले आणि फीनिक्सला फोन लावला. योलांदाने फोन बापाच्या कानाशी धरला.

"क्रूस," बेलो म्हणाला, "घासत नाही."

मग तो बोलतच राहिला. मी त्याला सलग इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. चकती किती, काठ किती आत घेतला, गरम किती केला, रेघ कुठे तडकली, आणि ती तडक लांबून दिसत नाही. ती कणीक होती, क्रूस, कणीक फुगली, फट नव्हतीच. अकरा मिनिटं. मग पलीकडून योलांदाचा आवाज आला की काका, ते सकाळपासून झोपेतच आहेत, जाग येते ती ओळखीची नसते. उठले की काय सांगू?

बेलोने विचार केला. नेहमीसारखे दोन दिवस नव्हते.

"ब्रेक झाले म्हणून सांग," तो म्हणाला.

क्रूस मेच्या नवव्या तारखेला गेला. योलांदाने कळवलं तोवर तिकडे दहन झालं होतं. बापाने तसं सांगितलं होतं का, हे बेलोने तिला विचारलं नाही, आणि ती स्वतःहून म्हणाली की एवढ्या लांब पेटी आणायची तर कागदच संपत नव्हते आणि तिची रजा संपली होती. रक्षा टपालाने पाठवते म्हणाली. आमच्या देशात त्याची सोय आहे, त्यासाठी वेगळं नारिंगी लेबल मिळतं.

टपालवाली जिरोनबाई जूनच्या पहिल्या आठवड्यात आली. एरवी ती डबा भरून पुढे जाते, त्या दिवशी तिने गाडी बंद केली आणि टोपी काढून फाटकाशी उभी राहिली. सही घेतली. पोस्टापासून इथवर वाटेत किती घरं केली, असं बेलोने विचारलं. सत्तावीस, ती म्हणाली, पण मी त्याला मागे पिशव्यांत टाकलं नाही, शेजारच्या सीटवर घेतलं होतं. बेलोने तिचे आभार मानले. ती म्हणाली की लहानपणी तिच्या बापाच्या दुकानाची पाटी क्रूसने रंगवली होती, अजून आहे.

फादरनी शनिवारी अकराची वेळ दिली. जुन्या ट्रकवाल्यांपैकी दोघं उरले आहेत, ते परस्पर तिकडे येणार होते. शुक्रवारी दिवसभर बेलोने ट्रक पुसला. हौद्यात रक्षेची पेटी ठेवावी तर ती डब्याएवढी, तिथे इकडून तिकडे घसरली असती. म्हणून त्याने ती पुढच्या सीटवर, मधोमध ठेवली आणि पट्टा लावला. ओफेलिया तिच्या गाडीतून मागून येणार होती. काळी ओढणी घेऊन ती अंगणात उभी होती.

बेलोने किल्ली फिरवली. टक् असा आवाज आला. पुन्हा फिरवली. या वेळी तोही आला नाही. ट्रक सहा आठवडे उभा होता. ब्रेक, चाकं, काठ, सगळं रोज कोणी ना कोणी बघत होतं, बॅटरीकडे कोणी पाहिलं नव्हतं. ओफेलियाच्या डिकीत केबल असते, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. दोन गाड्या तोंडाला तोंड लावून जोडल्या असत्या तर पाच मिनिटांचं काम. मी तसं म्हणालोही.

"त्याला आता कुठे कळणार घासतंय का ते," बेलो स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला. मग त्याने पट्टा सोडला, पेटी दोन्ही हातांत घेतली, पायाने दार लोटलं आणि ओफेलियाच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसला. पेटी मांडीवर घेतली. मी पुढे बसलो. ओफेलियाने आरशातून त्याच्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

आम्ही वेळेवर पोचलो. उतारावर ओफेलियाने दोनदा ब्रेक लावला. तिची गाडी चार दारांची, साधी, तीन वर्षांपूर्वीची आहे. तिला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. हल्ली कारखान्यातूनच तसे येतात.